कुठे सापडले?

उत्खनन कुठल्याही गावाला असो, खंदकाच्या काठाशी येऊन उभा राहिलेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो: "काय सापडलं?" प्रश्न रास्त आहे आणि त्यामागचे कुतूहलही खरे आहे. खंदकात उतरलेली माणसे मात्र दिवसभर दुसऱ्याच प्रश्नाच्या मागे असतात. हे खापर कोणत्या थरातले? घराच्या जमिनीवरचे की नंतर कुणी खणलेल्या खड्ड्यातले? त्याच्या शेजारी राख होती, हाड होते की काहीच नव्हते? या कामात उमेदीची वर्षे गेल्यावर माझे एक मत पक्के झाले आहे, आणि ते इथे पुराव्यानिशी मांडायचे आहे. पुरातत्त्व हे जुन्या वस्तूंचे शास्त्र आहे, ही समजूत अपुरी आहे. वस्तू, तिच्याभोवतीची माती आणि तिचा शेजार यांच्यातले नाते हा या शास्त्राचा खरा विषय आहे. ते नाते नोंदवण्याआधी तुटले, तर हातात वस्तू राहते, पण तिची साक्ष बहुतेक संपलेली असते.

'आर्किऑलॉजी' या शब्दाचा प्रवास पाहिला तर वस्तूंचा त्यात शिरकाव किती उशिरा झाला ते कळते. मूळ ग्रीक शब्द 'आर्खाइओलोगिया'. प्लेटोच्या एका संवादात हिप्पियस सॉक्रेटिसला सांगतो की स्पार्टाच्या लोकांना वीरपुरुषांच्या वंशावळी आणि नगरांच्या स्थापनेच्या हकिकती ऐकायला फार आवडतात; अशा सगळ्या जुन्या वृत्तान्ताला तो हा शब्द वापरतो. हॅलिकार्नाससच्या डायोनिसियसने रोमच्या प्राचीन इतिहासाला हेच नाव दिले, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस जोसेफसने ज्यूंचा इतिहास वीस भागांत लिहिला तोही याच नावाने. यांपैकी कुणीही जमीन खणली नाही. खणणे, गोळा करणे आणि मांडून ठेवणे या गोष्टी त्या शब्दाला चिकटल्या त्या सतराव्या शतकानंतर, युरोपात नाणी, शिलालेख आणि पुतळे जमवण्याचा छंद वाढला तेव्हा. लिऑंचा वैद्य झाक स्पॉं याने अवशेषांच्या अभ्यासासाठी हा शब्द पुन्हा चालू केला. मराठीत आपण 'पुराणवस्तू' म्हणू लागलो, सरकारी पाट्यांवर 'पुराणवस्तुसंग्रहालय' आले, आणि वस्तू हेच या विद्येचे सर्वस्व असे वाटणे साहजिक झाले. 'पुरातत्त्व' हा शब्द मला अधिक जवळचा वाटतो, कारण त्यात वस्तू नाही. पण शब्दाने काम भागत नाही. वस्तू आणि जागा यांची ताटातूट झाली की काय होते, ते प्रत्यक्ष उदाहरणावरूनच पाहायला हवे.

महाराष्ट्रात याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण दायमाबादचे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या काठावर हे स्थळ आहे. १९७४ मध्ये तिथे एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणून काढताना चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या: बैलजोडी जुंपलेला आणि उभ्या सारथ्याचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचे मिळून वजन साठ किलोंच्या वर. रथ सुमारे पंचेचाळीस सेंटिमीटर लांब आहे. त्याचा लांब दांडा, सारथ्याची ऐट आणि जनावरांच्या अंगाचा भरीवपणा पाहिला की घडवणाऱ्याच्या हाताला दाद द्यावीशी वाटते. भारतातल्या प्राचीन धातुकामात याला जोड सापडणे अवघड. आता प्रश्न असा की हे केव्हाचे? दायमाबादला १९५८-५९ मध्ये म. न. देशपांडे यांनी, १९७४-७५ मध्ये एस. आर. राव यांनी आणि त्यानंतर १९७९ पर्यंत एस. ए. साळी यांनी उत्खनन केले. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच संस्कृतींचे थर तिथे एकावर एक मिळाले. राव, साळी आणि म. के. ढवळीकर यांनी हा साठा उत्तर हडप्पा काळातला मानला. डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या पृथक्करणाकडे बोट दाखवले: या वस्तूंत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक आहे, ताम्रपाषाणयुगातल्या इतर वस्तूंत तसे आढळत नाही, तेव्हा त्या बऱ्याच अलीकडच्या, ऐतिहासिक काळातल्याही असू शकतील. दोन मतांमध्ये हजार वर्षांहून अधिक अंतर पडते.

हा वाद कुणाच्या विद्वत्तेत उणेपणा असल्यामुळे झालेला नाही. स्थळ एक, तिथे तीनदा शास्त्रशुद्ध उत्खनन झालेले, थर नीट लावलेले, आणि तरीही चार वस्तूंचा काळ निर्विवाद ठरत नाही, कारण त्या नोंदल्या जाणाऱ्या खंदकातून बाहेर आलेल्या नाहीत. त्यांच्याखाली जमीन होती की खड्डा, तो खड्डा कोणत्या थरातून खाली गेला होता, सोबत एखादे खापर होते का, हे त्या क्षणी पाहणारे आणि टिपून ठेवणारे कुणी नव्हते. त्या शेतकऱ्याला दोष देण्याचा प्रश्नच येत नाही. तो आपले काम करत होता. एवढेच लक्षात घ्यायचे की जोर्वे काळातले बोटभर खापर थरासकट मिळाले तर ते ठामपणे साक्ष देते, आणि साठ किलो ब्राँझ थराविना मिळाले तर अभ्यासकांना तर्कावर अवलंबून राहावे लागते.

याच्या उलट इनामगाव. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि ढवळीकर ही त्यातली प्रमुख नावे. इथे डोळे दिपवणारे काही मिळाले नाही. मिळाली ती एकशे तीसहून अधिक घरे, चुली, बळदे, हाडे, जळालेले धान्य आणि खापरांच्या राशी. जोर्वे काळातल्या एका घराच्या कोपऱ्यात, जमिनीखाली, कच्च्या मातीची झाकणाची लंबगोल डबी पुरलेली होती. डबीत एक स्त्रीमूर्ती होती, आणि सोबत शिर नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक बैल. बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाला भोक आहे आणि बैलाच्या पाठीलाही. मधे काडी खोचली की ती बैलावर बसते. या तिन्ही वस्तू भाजलेल्याही नाहीत. बाजारात कुणी विकायला आणल्या असत्या तर पोरांची खेळणी म्हणून त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिले नसते. त्या घराच्या कोपऱ्यात होत्या, जमिनीखाली मुद्दाम ठेवलेल्या होत्या, डबीत बंद होत्या, म्हणूनच घरातल्या पूजेची, बहुधा अपत्यांच्या रक्षणाशी निगडित देवतेची, चर्चा सुरू होऊ शकली. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या एका कुटुंबाची श्रद्धा आपल्यापर्यंत पोचली ती मातीच्या त्या ओबडधोबड आकारांपेक्षा त्यांच्या जागेमुळे.

तिथल्याच एका दफनाचे पाहा. इनामगावला मुलांना घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेले आढळते. मोठ्यांना खड्ड्यात आडवे पुरत आणि त्यांची पावले घोट्यापासून काढलेली असत. मात्र वस्तीच्या मध्यभागी, पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मोठ्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक पुरुष मिळाला. घराला लागून धान्याचे कोठार. रांजण एकटाच एखाद्या संग्रहालयात असता तर 'वैशिष्ट्यपूर्ण आकाराचे मृत्पात्र' एवढीच पाटी त्याखाली लागली असती. मध्यवर्ती जागा, मोठे घर, कोठार आणि वेगळे दफन या चार गोष्टी एकत्र आल्या, तेव्हा गावात प्रमुखाचे घराणे होते आणि धान्याचा साठा त्याच्या ताब्यात असावा, असे अनुमान काढता आले. त्या काळाचा एकही लेख आपल्याजवळ नाही. समाजातल्या उतरंडीबद्दल जे काही म्हणता येते ते वस्तूंच्या परस्परांशी असलेल्या अंतरावरून आणि शेजारावरून.

खोली म्हणजे काळ नव्हे, हे खंदकात काम करणाऱ्याला पहिल्या हंगामातच शिकावे लागते. दोन मीटर खाली मिळाले म्हणून जुने आणि अर्ध्या मीटरवर मिळाले म्हणून नवे, असे माती वागत नाही. नंतरच्या लोकांनी धान्यासाठी, कचऱ्यासाठी, मुरूम काढण्यासाठी खणलेले खड्डे जुन्या जमिनी फोडून खाली जातात. अशा खड्ड्यातली माती आजूबाजूच्या मातीपेक्षा भुसभुशीत लागते, तिचा रंग थोडा गडद असतो, आणि कडेने खुरपी हलकेच फिरवली की दोन मातींमधली रेघ उमटते. ती रेघ नजरेतून निसटली तर सातवाहनांचे नाणे ताम्रपाषाणयुगातल्या घरात जाऊन बसते. उंदीर-घुशींची बिळे असतात. आपल्याकडच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि मणी, नाणी यांसारख्या बारीक वस्तू त्यांतून खाली घसरतात. म्हणून खंदकाची उभी बाजू तासून, पाणी शिंपडून, थर पाहून, त्यांना क्रमांक देऊन, आलेखाच्या कागदावर उतरवणे हे वस्तू उचलण्यापेक्षा महत्त्वाचे काम ठरते. मोहेंजोदारोच्या सुरुवातीच्या उत्खननात वस्तूंची नोंद एका ठरावीक पातळीपासूनच्या खोलीवर होत असे. मॉर्टिमर व्हीलर १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमुख होऊन आले, तेव्हा त्यांनी याच पद्धतीवर कडाडून टीका केली आणि त्याच वर्षी तक्षशिलेला तरुणांना थर वाचायला शिकवले. व्हीलर स्वभावाने एककल्ली होते आणि त्यांचे काही निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. पण मातीतले थर वाचण्याची जी शिस्त त्यांनी इथे लावली, तिचे ऋण मान्य करावेच लागेल.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप संग्राहकांच्या बाजूने येतो, आणि तो वजनदार आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, म्हणजे प्राचीन तगर नगरात, रामलिंगप्पा लामतुरे यांनी पावसाने उघड्या पडलेल्या, शेतात नांगराला लागलेल्या हजारो वस्तू जमवल्या. आज तिथले शासकीय संग्रहालय त्यांच्या नावाने आहे. त्यांनी त्या उचलल्या नसत्या तर बैलांच्या खुरांखाली चुरा झाल्या असत्या. थर जपायला तिथे होते कोण? हे पूर्ण मान्य. लामतुरे यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्यांच्याच संग्रहातली एक वस्तू माझे म्हणणे पुढे नेते. तेरची हस्तिदंती स्त्रीप्रतिमा प्रसिद्ध आहे. तशाच धाटणीची एक प्रतिमा १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या एका घरात मिळाली. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले, त्यामुळे ती प्रतिमा त्या वर्षाच्या आधीची, यात शंका उरत नाही. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या, म्हणजे प्राचीन भोगवर्धनच्या, उत्खननातही याच जातीची हस्तिदंती मूर्ती सातवाहनकालीन अवशेषांत मिळाली. तेरच्या मूर्तीचा काळ आपण आत्मविश्वासाने सांगतो तो या दोन्हींच्या जोरावर. उघड्यावर मिळालेल्या मूर्तीला काळ उसना मिळाला, आणि तो दिला राखेत आणि थरांत अडकून राहिलेल्या तिच्या बहिणींनी. दख्खनचा रोमशी असलेला व्यापार, कारागिरांच्या श्रेणी, हस्तिदंताची बाजारपेठ या सगळ्या चर्चेचा आधार अशा बंदिस्त जागा आहेत. पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर आहे, त्यामुळे ती नेमकी कुठे घडली यावर मतभेद आहेत. तिच्या तारखेच्या वरच्या मर्यादेवर मात्र नाहीत.

दुसरा आक्षेप प्रयोगशाळेचा. आज किरणोत्सारी कार्बन आहे, धातूचे पृथक्करण आहे, हाडांतून जनुके काढता येतात. मग जागेचा एवढा आग्रह कशाला? हा आक्षेप तरुण विद्यार्थ्यांकडून वारंवार येतो आणि त्यात विज्ञानावरची श्रद्धा असते, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. कार्बन कालमापनाने कळते ते लाकूड कधी वाढायचे थांबले. तो कोळसा चुलीतला असेल तर चुलीचा काळ कळतो, जुन्या वाशाचा असेल तर घराच्या आधीचा, आणि बिळातून घसरलेला असेल तर कशाचाच नाही. कोळसा चुलीतला होता हे प्रयोगशाळा सांगत नाही, खंदकातली नोंद सांगते. भाजलेल्या मातीत साठलेली ऊर्जा मोजून काळ काढतात, तेव्हा ती ज्या मातीत पुरलेली होती त्या मातीतला किरणोत्सारही मोजावा लागतो. खापर तिथून उचलून आणले की हिशेबातला एक मोठा आकडा हरवतो. धातूला तर थेट काळ लावण्याची सोयच जवळजवळ नाही, आणि दायमाबादच्या बाबतीत पृथक्करणाने वाद मिटला नाही, उभा राहिला. यंत्र जितके अचूक, तितकी नमुन्याच्या जागेची नोंदही अचूक लागते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो. तुम्ही जागेचे एवढे महत्त्व सांगता, पण ती जागा तर उत्खननच संपवते. एकदा काढलेला थर परत बसवता येत नाही. आणि नोंदी घेणारी माणसेच असतात. त्यांना जे दिसले तेच ती लिहितात. मग शेतकऱ्याच्या कुदळीत आणि तुमच्या खुरपीत फरक काय? फरक आहे, आणि तो इनामगावच्याच एका वादातून दाखवता येतो. इसवी सनापूर्वी सुमारे १००० नंतर तिथली मोठी चौकोनी घरे जातात, लहान गोल झोपड्या येतात, मातीची भांडी जाडीभरडी होतात. ढवळीकरांनी याचे कारण हवामान कोरडे होत गेले असे दिले: शेती ढासळली आणि लोक पशुपालनाकडे, शिकारीकडे वळले. हे स्पष्टीकरण फार गाजले. नंतरच्या अभ्यासकांनी त्यावर प्रश्न उभे केले: सगळा बदल एकट्या पावसावर टाकता येईल का, आणि घरे बदलली म्हणून माणसे गरीब झाली असे धरायचे का? हे प्रश्न विचारता आले, कारण १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात घरे, त्यांच्या जमिनी, हाडे आणि धान्य यांचा तपशील दिलेला आहे. ज्यांचे मत पटत नाही त्यांच्याच नोंदी घेऊन त्यांच्याशी भांडता येते. चांगल्या उत्खननाची हीच खूण मी मानतो: ते आपल्या विरोधकालाही साहित्य पुरवते. दायमाबादच्या रथाबद्दल असे भांडण करायला दोन्ही बाजूंकडे जागेची नोंदच नाही. म्हणूनच उत्खनन करून अहवाल न लिहिणे हा मला या क्षेत्रातला सर्वांत गंभीर अपराध वाटतो. तो आपल्याकडे घडत आला आहे, आणि त्याला उशीर म्हणण्याऐवजी नुकसान म्हणावे. याच कारणाने टेकाडाचा काही भाग मुद्दाम न खणता सोडावा; पुढच्या पिढीचे प्रश्न वेगळे असतील आणि साधने चांगली.

चौथी गोष्ट आक्षेप म्हणून येत नाही, गरज म्हणून येते, आणि महाराष्ट्रात तिचा परिणाम इतर कशाहूनही मोठा आहे. आपल्याकडे शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. जुन्या वस्तीच्या टेकाडाला गावकरी आजही पांढरी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती आणि हाडे मुरून ती माती फिकट आणि कसदार झालेली असते. धाब्याच्या छतावर घालायला ती चांगली, शेतात टाकली तर पीक जोमाने येते. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ती गाड्या भरून नेली आणि त्यात काही वावगे आहे असे कुणाला वाटण्याचे कारण नव्हते. पूर्वी फावडे आणि घमेले होते, वर्षाकाठी कोपरा झिजे. आता यंत्र येते आणि काही दिवसांत टेकाड सपाट होते. थर, जमिनी, चुली, दफने सगळे ट्रॉलीतून शेतात पसरते. खापरे शेतात दिसतात, लोक म्हणतात वस्तू तर आहेतच. वस्तू आहेत हे खरे. पण कोणती कुणाच्या वर होती, हे आता कुणालाही सांगता येणार नाही. गावकऱ्याला केवळ मनाई करून हे थांबणार नाही. टेकाडाची मोजणी करून सात-बाऱ्यावर त्याची नोंद व्हावी, माती नेणाऱ्याला पर्यायी माती मिळावी, आणि गावातल्या शाळेला आपल्या पांढरीचा इतिहास शिकवला जावा, एवढे तरी प्रशासनाने करायला हवे.

वाचणाऱ्याकडून मात्र एक अगदी साधी अपेक्षा आहे. विहीर, पाया, चर, झाडाचे मूळ, काहीही खणताना जुनी वस्तू लागली तर ती ओढून काढू नका, धुऊ-घासू नका. जशी आहे तशी राहू द्या आणि चारी बाजूंनी फोटो घ्या, शेजारची माती दिसेल असे. जवळच्या ठराविक खुणेपासून, विहिरीपासून किंवा बांधापासून, अंतर मोजून लिहून ठेवा, तिथले खणणे थांबवा आणि तहसील कार्यालयाला कळवा. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू जमिनीत सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवणे त्यानुसार बंधनकारक आहे, आणि त्या पत्रात तीन गोष्टी लिहायच्या असतात: काय सापडले, कुठे सापडले आणि कोणत्या दिवशी. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना घाई करू नका.